एक्सेलमधील ‘कर्ट’ फंक्शन: हे माप शेपटीचे आहे, शिखराचे नव्हे

सरासरीपासून फार दूर पडलेल्या किमतींचा वितरणावर किती भार आहे, म्हणजेच त्याची शेपटी किती जाड आहे, हे एका आकड्यात सांगणारे एक्सेलमधील ‘कर्ट’ हे फंक्शन मी नेहमी वापरतो. त्याचे गणित चोख आहे. मात्र मदतीच्या पानावर कुर्टोसिस (‘कर्ट’ काढते ते माप) म्हणजे वितरणाचा टोकदारपणा किंवा सपाटपणा, असा जो अर्थ दिला आहे, तो वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावतो. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०५ साली ही संज्ञा आणली तेव्हापासून ही समजूत चालत आली आहे आणि २०१४ साली संख्याशास्त्रज्ञ पीटर वेस्टफॉल यांनी तिचे सविस्तर खंडन केले आहे.

कारण चौथ्या घातात आहे. किमतीचे सरासरीपासूनचे अंतर प्रमाण विचलनाने (किमती सरासरीभोवती साधारण किती पसरल्या आहेत, त्या मापाने) भागून त्याचा चौथा घात घेतला, की अर्ध्या प्रमाण विचलनावरची किंमत बेरजेत जेमतेम ०.०६ ची भर घालते, तर पाच प्रमाण विचलनांवरची एकच किंमत ६२५ ची. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. त्या वर्षाच्या दैनिक परताव्यांवर ‘कर्ट’ चालवावे आणि मग तेवढा एकच सेल रिकामा करून पाहावे. उत्तर झपकन खाली येते आणि शेपटीचा भार म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर दिसते.

उत्तर वाचताना ३ आधीच वजा झालेले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. त्यामुळे प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणासाठी अपेक्षित किंमत ०, एकसमान (सगळीकडे सारख्याच शक्यतेच्या) वितरणासाठी उणे १.२ आणि जाड शेपटीच्या लाप्लास वितरणासाठी ३ असते. चारपेक्षा कमी किमती दिल्या तर शून्याने भागल्याची त्रुटी येते.

याहून महत्त्वाची मर्यादा एका साध्या प्रयोगात दिसते. एका कॉलममध्ये १९ शून्ये आणि शेवटी १ लिहावा. ‘कर्ट’ बरोबर २० सांगते. त्या १ च्या जागी एक लाख लिहिले तरी उत्तर २० च राहते, कारण दूरच्या किमतीबरोबर प्रमाण विचलनही तेवढ्याच पटीने फुगते. नमुन्यात जितक्या किमती, त्याहून मोठे उत्तर हे फंक्शन देऊच शकत नाही. ज्या वितरणाचे खरे कुर्टोसिस अनंत आहे (चार स्वातंत्र्यांशांचे टी-वितरण, म्हणजे जाड शेपटीचे एक वितरण, तसेच आहे), त्याच्या ३० किमतींवरून आलेला आकडा म्हणूनच मी शेपटीचे माप मानत नाही.

हाच कॉलम पायथन भाषेच्या सायपाय या गणिती लायब्ररीला दिला तर तिच्या मूळ सेटिंगवर १५.०५ येतात आणि आर भाषेतील ‘मोमेंट्स’ पॅकेजला दिला तर १८.०५. यांपैकी एकही उत्तर चूक नाही: सायपाय ३ वजा करते पण लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती करत नाही, ‘मोमेंट्स’ दोन्ही करत नाही आणि एक्सेल दोन्ही करते. त्यामुळे अहवालात ‘कर्ट’चा आकडा देताना नमुन्यातील किमतींची संख्या आणि वापरलेले सूत्र मी त्याच ओळीत लिहितो.