श्वार्त्सेनबेर्गची शूबर्टियाडे : सहाशे आसनांच्या लाकडी सभागृहात तीन दिवस

फ्रान्झ शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराची गीते दोन हजार श्रोत्यांच्या भव्य सभागृहात ऐकू नयेत, असे माझे बऱ्याच वर्षांपासूनचे मत आहे. ती नेमकी कुठे ऐकावीत, हे मात्र या जूनमध्ये ऑस्ट्रियातल्या श्वार्त्सेनबेर्ग या खेड्यात शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस राहिल्यावर कळले. ‘शूबर्टियाडे’ या नावाने तिथे भरणारा महोत्सव पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रोमँटिक कालखंडाला, त्यातही गीत, पियानो आणि तंतुवाद्यांची चौकडी या जवळून ऐकण्याच्या प्रकारांना वाहिलेला आहे. ज्यांना शंभर वादकांचा वाद्यवृंद आणि त्याचा गडगडाट हवा आहे, त्यांनी दुसरीकडे जावे. ज्यांना एका गळ्यात आणि एका पियानोत काय मावते हे ऐकायचे आहे, त्यांनी मात्र एकदा तरी इथे यावे, असे मी मनापासून सांगेन.

नावामागची गोष्ट मराठी श्रोत्याला लगेच उमगेल अशी आहे. १८२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये शूबर्टचे मित्र आपापल्या घरी संध्याकाळी जमत; तो पियानोशी बसे, योहान मिखाएल फोगल हा ऑपेराचा नामांकित गायक गाई, आणि कालपरवाच लिहून झालेले गीत त्या दिवाणखान्यात प्रथम ऐकले जाई. या घरगुती बैठकींनाच मित्रांनी ‘शूबर्टियाडे’ म्हणायला सुरुवात केली. ३१ वर्षांच्या आयुष्यात ६०० हून अधिक गीते लिहिणाऱ्या या माणसाच्या केवळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल एकदाच झाली, २६ मार्च १८२८ रोजी, आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला. म्हणजे हे संगीत जन्मले ते बैठकीतच, ओळखीच्या माणसांसमोर, हाताच्या अंतरावर. प्रसिद्ध जर्मन गायक हेर्मान प्राय यांनी १९७६ मध्ये होहेनेम्स या गावी नव्याने शूबर्टियाडे सुरू केली, तेव्हा हे अंतर जपण्याचाच विचार त्यामागे असावा, असे आजचा महोत्सव पाहताना सतत जाणवते. महोत्सव पुढे फेल्डकिर्खला गेला, २००१ पासून श्वार्त्सेनबेर्गला स्थिरावला आणि काही वर्षांनी होहेनेम्सलाही परतला. आता वसंतापासून शरदापर्यंत या दोन गावांत तो तुकड्यातुकड्यांनी भरतो. श्वार्त्सेनबेर्गचे सत्र जून आणि ऑगस्टमध्ये असते. संपूर्ण सत्र ऐकणे नोकरदार माणसाला शक्य नसते, पण शनिवार-रविवार धरून तीन दिवस काढले तर महोत्सवाचा स्वभाव पुरेसा कळतो.

माझ्याबरोबर पुण्याहून आलेली माझी आत्या होती. तिने आयुष्यभर किराणा घराण्याचे गाणे ऐकले आहे, सवाई गंधर्व महोत्सवाचे वर्ष सहसा चुकवलेले नाही, आणि जर्मन भाषेचा एक शब्दही तिला येत नाही. ज्याला या संगीताची पूर्वओळख नाही, पण ज्याचा कान तयार आहे, अशा श्रोत्याला इथे काय मिळते हे मला पाहायचे होते, आणि हे परीक्षण त्यामुळेच लिहावेसे वाटले.

झुरिकहून रेल्वेने निघालो आणि वाटेत होहेनेम्सला उतरलो. शूबर्ट स्वतः या भागात कधीच आला नव्हता, तरी या गावाशी त्याचा एक धागा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सालोमोन झुल्त्सर हा व्हिएन्नाच्या ज्यू प्रार्थनास्थळाचा विख्यात गायक १८०४ मध्ये याच गावात जन्मला. त्याच्यासाठी शूबर्टने मृत्यूच्या जेमतेम चार महिने आधी, जुलै १८२८ मध्ये, बायबलमधले ९२ वे स्तोत्र मूळ हिब्रू शब्दांतच संगीतबद्ध केले. गावातले जुने ज्यू प्रार्थनास्थळ दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक वर्षे अग्निशमन दलाचे ठाणे होते. आज तिथे झुल्त्सरच्याच नावाचे सभागृह आहे. तासाभराची सवड असेल तर इथे जरूर उतरावे. ज्या राजवाड्यात १९७६ चा पहिला महोत्सव झाला, तोही स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पुढे डोर्नबिर्नहून बस बोडेलेची खिंड ओलांडून ब्रेगेन्त्सरवाल्डच्या खोऱ्यात उतरते. जेमतेम १,८०० वस्तीचे श्वार्त्सेनबेर्ग तिथे कुरणांच्या मधोमध आहे. घरांच्या भिंतीही लहान लाकडी फळ्यांच्या खवल्यांनी मढवलेल्या, उन्हापावसाने करड्या झालेल्या. कापलेल्या गवताचा वास सगळीकडे होता. राहण्याची सोय फार आधी करावी लागते, आणि गावात खोली मिळाली तर ती घ्यावीच, कारण रात्रीच्या मैफलीनंतर चालत परतता येण्याचे सुख इथे संगीताचाच भाग होते.

आंगेलिका काउफमान सभागृह ही गावाचीच वास्तू आहे. आसने सुमारे सहाशे, जमीन लाकडाची, भिंती लाकडाच्या, सजावट जवळपास नाहीच. शेवटच्या रांगेतूनही गायकाचा श्वास ऐकू येतो. आवाज लाकडातून येतो तसा उबदार, आणि घुमण्याचे प्रमाण इतके नेमके की शब्दांचे कोपरे झिजत नाहीत. गीतगायनात हे सर्वांत महत्त्वाचे असते. ‘लीड’ या जर्मन गीतप्रकाराला भावगीत म्हटले की आपल्याला अर्धे समजते: चांगली कविता, तिच्या अर्थाला धरून बांधलेली चाल, तिचे मर्म जपणारा गळा. उरलेले अर्धे पियानोत असते. आपल्या भावगीतात वाद्ये बहुधा गळ्यामागे राहतात. इथे पियानो स्वतंत्र पात्रासारखा बोलतो, कधी गायकाला माहीत नसलेलेही सांगून जातो. मोठ्या सभागृहात गायकाला आवाज फेकावा लागतो आणि पियानो मागे राहतो. इथे दोघांना कुजबुजता येते.

शुक्रवारी रात्री आठला ‘विंटररायझे’ होते, म्हणजे ‘हिवाळी प्रवास’: विल्हेल्म म्युलर यांच्या २४ कवितांची, १८२७ मध्ये पूर्ण झालेली गीतमाला. प्रेमात नाकारलेला एक माणूस रात्री गाव सोडून बर्फातून चालत सुटतो, एवढेच कथानक आहे. मित्रांना शूबर्टने ती स्वतः गाऊन दाखवली तेव्हा ते तिच्या काळोखाने गोंधळून गेले होते, आणि शोबर या जवळच्या मित्राला त्यातले लिंडेन वृक्षाचे एकच गीत आवडले होते. आम्ही ऐकलेल्या गायकाने पहिल्या गीतापासूनच हात राखून गायला सुरुवात केली. आवाज चढवण्याच्या जागा त्याने मोजक्याच ठेवल्या आणि सव्वा तासाच्या त्या अखंड मैफलीत दुःखाचे प्रदर्शन कुठेही केले नाही. पियानोवादकाने तर प्रत्येक गीताची पहिली दोन-तीन मापे (तालाचे छोटे समान खंड) अशी वाजवली, की गायकाने तोंड उघडण्याआधीच हवामान कळावे.

मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते चोविसाव्या गीताबद्दल. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा चाकाचे तंतुवाद्य फिरवतो आहे, त्याची थाळी रिकामी आहे, कुणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात. त्या वाद्यात सूर धरून ठेवणाऱ्या तारा असतात, म्हणून शूबर्टने पियानोच्या डाव्या हातात आरंभापासून अखेरपर्यंत केवळ दोन सूर ठेवले आहेत, आधारस्वर आणि त्याचा पंचम. मधे काहीही बदलत नाही. वर उजव्या हातात एक छोटी सुरावट येते, थांबते, गायक दोन ओळी म्हणतो, पुन्हा ती सुरावट. हे सुरू होताच आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. नंतर बाहेर आल्यावर ती म्हणाली, “इतका वेळ तानपुरा नव्हता गं. शेवटी लागला, आणि तोही अशा जागी.” सगळी गीतमाला स्वरकेंद्र बदलत भटकत येते आणि ज्या क्षणी तिला न हलणारा षड्ज-पंचम सापडतो, तो क्षण सर्वांत ओसाड आहे. या गीताविषयी मी पुष्कळ वाचले होते. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकाने अशी सांगितली नव्हती. शेवटचा सूर विरल्यावर सभागृह बराच वेळ स्तब्ध होते. टाळ्यांची घाई न करणारा श्रोतृवर्ग ही या महोत्सवाची मोठी कमाई आहे.

शनिवारची सकाळ मोकळी होती. सभागृहाला जिचे नाव आहे ती चित्रकार आंगेलिका काउफमान (१७४१–१८०७) हिच्या वडिलांचे हे गाव. पुढे लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांमधल्या दोन स्त्रियांपैकी ती एक झाली, पण गावच्या चर्चमधली प्रेषितांची भित्तिचित्रे तिने १७५७ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, वडिलांबरोबर काम करताना रंगवली. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. जेवणाबद्दल एवढेच सांगते, की खोऱ्यातले डोंगरी चीज उत्तम आहे आणि शाकाहारी माणसाची ‘केझक्न्योफ्ले’ या चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या गोळ्यांवर चांगली सोय होते.

दुपारी चारला पियानोची मैफल होती. उत्तरार्धात शूबर्टची बी फ्लॅट मेजर या स्वरकेंद्रातली शेवटची सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना), त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक डी ९६०, सप्टेंबर १८२८ ची. शांत प्रार्थनेसारख्या पहिल्या सुरावटीनंतर आठव्या मापात खर्जात एक अगदी हलका कंप येतो, दूर कुठेतरी गडगडावे तसा. पहिल्या भागातला आरंभीचा खंड दुसऱ्यांदा वाजवावा की नाही, यावर पियानोवादकांत जुना वाद आहे. या महोत्सवाशी दीर्घ काळ जोडलेल्या अल्फ्रेड ब्रेंडेल यांचा पुनरावृत्तीला विरोध होता, तर आंद्राश शिफ ती आवर्जून वाजवतात. आमच्या वादकाने ती घेतली आणि माझ्या मते योग्य केले, कारण पुनरावृत्तीकडे नेणारी नऊ मापे दुसऱ्या कुठेही येत नाहीत, आणि तोच खर्जातला कंप तिथे एकदाच पूर्ण जोराने आदळतो. ती मापे गाळली तर त्या शांततेखाली काय दडले आहे हे श्रोत्याला कळतच नाही. मंद गतीचा दुसरा भाग मला किंचित अधिक सावकाश आवडला असता. आत्याला मात्र तोच वेग पटला, तेव्हा हा माझ्या आवडीचा प्रश्न समजावा.

संध्याकाळच्या गीतमैफलीत रोबर्ट शूमन या जर्मन संगीतकाराची ‘डिश्टरलीबे’, म्हणजे ‘कवीचे प्रेम’, होती, कवी हाइनेच्या कवितांवरची, १८४० ची, १६ गीतांची. आदल्या रात्रीनंतर माझे मन तिच्यात पूर्ण रमले नाही, आणि तो दोष गायिकेचा नव्हता. एका दिवसात दोन मैफली इथे सहज घेता येतात, म्हणून घ्याव्यातच असे नाही. तिसऱ्या दिवशीचे आमचे ऐकणे ताजे राहिले ते रविवारची सकाळ कुरणांतून चालण्यात घालवल्यामुळे.

जाणाऱ्यांना एक विनंती आहे. कवितांचे भाषांतर घरूनच वाचून जावे. मी ‘विंटररायझे’च्या चोवीसही कवितांचा मराठी गोषवारा आत्याला गाडीत वाचून दाखवला होता. मैफलीत कागदावर नजर ठेवली तर गायकाचा चेहरा निसटतो, आणि या संगीतात चेहरा निसटणे परवडत नाही. खर्चही आधी मोजावा: तिकिटे, राहणे, प्रवास धरून हे तीन दिवस स्वस्त नाहीत. नामवंत गायकांच्या मैफलींची आसने लवकर संपतात, पण चौकडी आणि पियानोच्या दुपारच्या मैफलींकडे दुय्यम म्हणून पाहू नये. आमच्या तीन दिवसांचा कळस त्यांतच होता.

हा कळस म्हणजे रविवारी दुपारचे पंचक, सी मेजर, डी ९५६. नेहमीच्या चौकडीत शूबर्टने दुसरा चेलो मिळवला आणि मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत हे लिहिले. त्याची जाहीर मैफल व्हायला १८५० साल उजाडले. संथ दुसऱ्या भागात मधली तीन वाद्ये जवळजवळ स्थिर सूर धरून राहतात, खाली दुसरा चेलो एकेक तार छेडतो, वर पहिले व्हायोलिन तुटक उद्गार काढते. लाकडी सभागृहात ती छेडलेली तार पायाखालच्या फळ्यांतून जाणवत होती. शेवटचा भाग नाचरा आहे आणि मी तो आजवर सुखान्त समजत आले होते. अगदी अखेरच्या मापांत दोन्ही चेलो डी फ्लॅटवर जोराने कंप घेतात आणि त्यावरून सीवर कोसळतात. टाळ्या थांबून लोक उठू लागले तरी आत्या बसूनच होती. “षड्जावर आले खरे,” ती म्हणाली, “पण कोमल रिषभ लावून आले. ऐकलेस ना?” मी इतक्या वर्षांत तो सूर ऐकला नव्हता. बसची वाट पाहताना तिने तो मला दोनदा गाऊन दाखवला.