पीएसएमए पेट स्कॅन: काम चोख, बाथरूमची रांग लांब (४/५)

बाबांचा (वय ७४) स्कॅन इथे केला. प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात कुठे कुठे पसरलाय, ते यात दिसतं. प्रोस्टेटचा कॅन्सर जुनाच, हॉर्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. पण या वेळी तक्रार हनुवटीची होती. खालचा ओठ आणि हनुवटी डावीकडे बधिर, चहा ओघळला तरी कळायचं नाही. दाताच्या डॉक्टरांना दाढेत काही सापडेना. त्यात पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची रक्ततपासणी) वाढलेला, म्हणून युरोलॉजिस्टनी इथे पाठवलं. हा आजार हाडांत उतरतो तो बहुतेक कंबर, मणके, बरगड्यांत. जबड्यात क्वचितच जातो, त्यामुळे घरात कुणाला पटत नव्हतं.

इथल्या टेक्निशियन ताईंनी फॉर्म नुसता फाइलला लावला नाही, वाचला. "काका, बधिर कुठं वाटतं? बोटानं दाखवा." मग डॉक्टरांना विचारून स्कॅन थेट डोक्याच्या माथ्यापासून घेतला. पाचवा तारा द्यायचाच तर या ताईंना द्यावा.

नावडलेलं: या तपासणीला उपास लागत नाही, हे फोनवर कुणी सांगितलं नाही. बाबा पहाटेपासून उपाशी. स्कॅनआधी देतात ते गॅलियमचं (किरणोत्सारी) इंजेक्शन साठवून ठेवता येत नाही, ६८ मिनिटांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. त्यामुळे ते तयार व्हायला उशीर झाला की सगळेच खोळंबतात. इंजेक्शननंतर तासभर थांबायचं आणि भरपूर पाणी प्यायचं. हॉलमध्ये सगळे प्रोस्टेटवाले आजोबा, आणि बाथरूम एक! हे ज्यानं बांधलं त्याला एकदा लिटरभर पाणी पाजून तिथं बसवायला हवं.

स्कॅनची चित्रं बघून माझी बहीण रडायलाच लागली. कानांपुढे आणि जबड्याखाली दोन्हीकडे नुसता लखलखाट. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून दाखवलं की या लाळेच्या ग्रंथी, त्या सगळ्यांच्याच अशा उजळतात. काळजीचा ठिपका वेगळा होता, डाव्या जबड्याच्या हाडात, एकाच बाजूला. डाव्या गळपट्टीच्या हाडामागे एक छोटी गाठही दिसली. रिपोर्टमध्ये दोन्ही जागा स्पष्ट लिहिल्या, बायोप्सीचा सल्लाही दिला. पुढे गाठीच्या बायोप्सीत प्रोस्टेटचाच कॅन्सर निघाला आणि औषध बदललं.

बिल १८,००० रुपये, आधी सांगितलं तेवढंच. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. सीडी घरच्या लॅपटॉपवर उघडत नाही, पेनड्राइव्ह घेऊन जा, त्यावर देतात.