ब्रोका पॅनेल : 'निगेटिव्ह' रिपोर्ट किती खरा?

आनुवंशिक कर्करोगाच्या जनुक-चाचण्यांची जाहिरात आकड्यांवर चालते. कुणी तीस जनुकं तपासतो, कुणी ऐंशी, कुणी शंभराच्या वर. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची 'ब्रोका' ही चाचणीही अनेक जनुकांचं पॅनेलच (एकत्र तपासायचा संच) आहे, पण तिची पारख आकड्यावर करू नये. ती एका अडचणीतून निघाली : घरातल्या चौघींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग, आणि तरी रिपोर्ट 'निगेटिव्ह'. चुकतं कुठे?

हे कोडं सोडवायला बसल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग. १९९० मध्ये त्यांच्या गटाने २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांच्या माहितीवरून दाखवलं होतं की कमी वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं एक जनुक १७व्या गुणसूत्रावर, १७क्यू२१ या पट्ट्यात आहे. ते बीआरसीए-१. जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये, मार्क स्कोल्निक यांच्या गटाच्या. पेटंटं स्कोल्निक यांच्याच मिरियड कंपनीकडे गेली आणि अमेरिकेत बीआरसीए चाचणीचं दुकान पुढची बरीच वर्षं एकच राहिलं.

२००६ मध्ये किंग यांच्या गटाने अशी ३०० कुटुंबं घेतली, ज्यांत प्रत्येकी चार किंवा जास्त रुग्ण होते आणि ज्यांची बाजारातली बीआरसीए चाचणी (बीआरसीए-१ आणि तसंच दुसरं जनुक बीआरसीए-२ यांची) निर्दोष आली होती. त्यांतल्या ५२ कुटुंबांत दोष निघाला. ३५ कुटुंबांत बीआरसीए-१ किंवा २ चा मोठा तुकडा गळालेला, दुप्पट झालेला किंवा उलटसुलट जोडलेला होता, १४ मध्ये सीएचईके-२ या कर्करोगाशी जोडलेल्या दुसऱ्या जनुकाचा दोष होता, तीन कुटुंबांत टीपी-५३ या तशाच जनुकाचा.

आधीच्या चाचणीला हे का दिसलं नाही, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही स्वस्त चाचण्या इथेच घसरतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. जुनी पद्धत जनुकाचे छोटे तुकडे पीसीआरने वाढवून, म्हणजे त्यांच्या असंख्य नकला काढून, वाचायची. पोथीच्या दोन प्रतींपैकी एकीतला अख्खा अध्याय फाटून गेला असेल आणि वाचणारा शाबूत प्रतीतून वाचत गेला, तर त्याला एकही चूक सापडणार नाही. तसंच इथे होतं : एका प्रतीतला तुकडा गायब, दुसरीतला धडधाकट वाढतो आणि स्वच्छ वाचला जातो. त्यात बीआरसीए-१ मध्ये 'अलू' नावाच्या एकसारख्या पुनरावृत्त ओळी खच्चून भरल्या आहेत. पेशीविभाजनात एक अलू दुसऱ्या अलूशी चुकून जोडला जातो आणि मधला भाग गळतो.

ब्रोका चाचणी या उणिवेवर उतारा म्हणून बांधली गेली. २०१० मधल्या पहिल्या आवृत्तीत २१ जनुकं होती. त्यांचे एक्सॉन (प्रथिनाची कृती असलेले भाग) तर पकडलेच, पण इंट्रॉनही (त्यांच्या मधले भाग) पकडले, म्हणजे तुटलेल्या जागेचा सांधा मध्येच कुठे असला तरी सापडावा. डीएनएचं प्रत्येक अक्षर सरासरी १,२०० पेक्षा जास्त वेळा वाचलं गेलं. एखाद्या पट्ट्यात वाचनं निम्म्यावर आली की एक प्रत गेली, दीडपट झाली की तुकडा दुप्पट झाला, असं सरळ गणित. दोष आधीच माहीत असलेल्या २० स्त्रियांचे नमुने आंधळ्या पद्धतीने, म्हणजे तपासणाऱ्यांना उत्तर न सांगता, तपासले तेव्हा लहानमोठे सगळे दोष सापडले आणि खोटा इशारा एकही आला नाही. २० हा नमुना लहानच, पण पद्धतीचा पाया पक्का आहे हे त्यातून दिसतं.

नावाचं सांगायचं तर पॉल ब्रोका म्हणजे मेंदूतल्या वाचाकेंद्रामुळे माहीत असलेले फ्रेंच शल्यचिकित्सक. त्यांनी १८६६ मध्ये बायकोच्या माहेरची वंशावळ छापली होती, पिढ्यान् पिढ्या स्तनाचा कर्करोग असलेली.

बीआरसीएच्या पलीकडची जनुकं घेण्याचा उपयोग किती? २०११ मध्ये याच गटाने अंडाशय, बीजवाहिनी आणि पोटाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या ३६० रुग्णांची तपासणी केली. २४ टक्क्यांत आनुवंशिक दोष निघाला : १८ टक्के बीआरसीए-१ व २ मध्ये, ६ टक्के इतर जनुकांत. दोष असलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या घरी स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग कुणालाच झालेला नव्हता. 'आमच्याकडे कुणाला नाही' हे उत्तर म्हणूनच फार भरवशाचं नाही, विशेषतः दोष वडिलांकडून आला असेल आणि त्या बाजूला मुलगेच जास्त असतील तर. आत्या नाहीत म्हणून आजार दिसत नाही, एवढंच.

१३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातल्या जनुकावर पेटंट घेता येणार नाही असा एकमताने निकाल दिला, आणि बीआरसीए चाचणी देऊ करणाऱ्या लॅबच्या रांगेत वॉशिंग्टन विद्यापीठही लगेच उभं राहिलं.

आता चाचणी प्रत्यक्षात कशी करायची. पहिला नमुना निरोगी मुलीचा नको, आजारी आईचा किंवा मावशीचा हवा. आजारी व्यक्तीत दोष सापडला की बाकीच्यांची फक्त त्या एकाच जागेची तपासणी पुरते. तिचा खर्च कमी, आणि ती निगेटिव्ह आली तर त्याला अर्थ असतो. उलट आजारी व्यक्ती तपासलीच नाही, तर निरोगी मुलीचा कोरा रिपोर्ट अर्धवट असतो : दोष तिच्यात उतरलाच नाही, की पॅनेलला तो दिसत नाही, हे कळायला मार्ग उरत नाही.

फॉर्मसोबत तीन पिढ्यांची वंशावळ द्यायची. कोणता अवयव, कितव्या वर्षी, दोन्ही स्तन की एक, ट्रिपल निगेटिव्ह (तीन ठरावीक रिसेप्टर नसलेला स्तनाचा कर्करोग) होता का, हे लिहायचं. 'पोटाचा कॅन्सर' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं. अंडाशय, आतडं आणि जठर यांची जनुकं निराळी. जुना बायोप्सी रिपोर्ट मिळाला तर उत्तम.

रक्तात गफलत होण्याच्या दोन जागा आहेत. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेऊन प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, आणि लाळेतही पांढऱ्या पेशी असल्याने लाळ देऊन सुटका नाही. त्वचेच्या पेशी वाढवून त्यांतला डीएनए लागतो. दुसरी, उतारवयात किंवा केमोथेरपीनंतर रक्ताच्या काही पेशींत टीपी-५३ सारख्या जनुकात नवा बदल होतो. तो जन्मजात नसतो, पण रिपोर्टात दिसतो. जन्मजात दोष दोनपैकी एका प्रतीत, म्हणून निम्म्या वाचनांत दिसतो. व्हेरियंट (जनुकातला बदल) ५० टक्क्यांच्या आसपास न दिसता १०–१५ टक्के वाचनांतच असेल, तर घाईने मुलांना चाचणीला बोलावू नये.

कोणत्याही पॅनेलचा आणखी एक हळवा कोपरा म्हणजे पीएमएस-२ हे जनुक. त्याचं जवळजवळ हुबेहूब पण निकामी असं भावंड जीनोममध्ये आहे, आणि छोट्या वाचनांना दोघांतला फरक ओळखणं जड जातं. तिथला दोष दुसऱ्या पद्धतीने पक्का केला आहे का, ते लॅबला विचारावं.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा निकाल म्हणजे व्हीयूएस, अर्थ न ठरलेला बदल. जनुकं वाढवली की व्हीयूएसही वाढतात, हा मोठ्या पॅनेलचा खरा तोटा. भारतीय वंशाच्या घरांत ते आणखी जास्त येतात, कारण तुलनेचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मिळ म्हणून संशयास्पद ठरतो. पुढे वर्गवारी बदलते तेव्हा बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवीच निघतात. त्यावर शस्त्रक्रिया ठरवू नये, नातेवाइकांच्या चाचण्याही करू नयेत. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारावं.

घरात जुना रिपोर्ट असेल तर नावांचा घोळ होतो. पूर्वीचं बीआरसीए-१ मधलं '१८५ डेल एजी' आणि आजचं 'सी. ६८_६९ डेल एजी' एकच आहे ('डेल एजी' म्हणजे ए आणि जी ही अक्षरं गळाली). जुनी मोजणी जनुकप्रतीच्या पहिल्या अक्षरापासून होती, नवी प्रथिनाच्या सुरुवातीपासून. बीआरसीए-१ मध्ये त्यामुळे ११९ अक्षरांचा फरक पडतो, बीआरसीए-२ मध्ये २२८ चा, आणि जिथे अक्षरं लागोपाठ तीच येतात तिथे एखाद-दोन अक्षरं आणखी सरकतात. दोन नावं म्हणजे दोन दोष, असं समजून आत्याच्या आणि भाचीच्या रिपोर्टांची ताटातूट करू नये.

घरबसल्या लाळ पाठवायच्या किटशी तुलना होतेच. ट्वेंटीथ्री-अँड-मी या किट विकणाऱ्या कंपनीला २०१८ मध्ये अमेरिकेत बीआरसीएची परवानगी मिळाली ती फक्त तीन व्हेरियंटपुरती, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या) ज्यू समाजात आढळणारे. २०२३ मध्ये ही यादी ४४ वर गेली. ज्ञात बीआरसीए दोष हजारावर आहेत. न्यू जर्सीतल्या मराठी घराने त्या किटचा कोरा रिपोर्ट पाहून निश्चिंत होणं म्हणजे मोजक्या खिडक्या बंद आहेत म्हणून वाड्याला कुलूप आहे असं मानणं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी नमुना देण्याआधी एक काम उरकावं. २००८ चा 'जीना' कायदा जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारू देत नाही. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्या पॉलिसी घ्यायच्या असतील तर त्या आधी, रक्त नंतर.