ड्रायव्हर लिहायचाय, पण अडलं तर विचारायचं कोणाला? लिनक्स, फ्रीबीएसडी आणि हायकू

हातात बोर्ड आहे, चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) आहे, सी भाषा बऱ्यापैकी येते, ती चिप चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर लिहायचाय, पण कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पहिल्यांदाच हात घालताय. मग लिनक्स, फ्रीबीएसडी आणि हायकू या तीन ऑपरेटिंग सिस्टिमांपैकी कोणती भारी हा वाद बाजूला ठेवा. अडल्यावर सोडवणारं कोण आहे, ते आधी बघा.

लिनक्सकडे माणसं भरपूर, पण त्यांना वेळ नाही. ‘अमुक चिपचा ड्रायव्हर लिहायचाय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंत तर बहुधा शुकशुकाट. तोच प्रश्न कच्च्या का होईना, पॅचसोबत (म्हणजे कोडमधल्या बदलांच्या फाइलीसोबत) विचारा. ओळ न् ओळ तपासून मिळते. पॅच कोणत्या मेंटेनरला (त्या भागाची जबाबदारी असलेल्या माणसाला) पाठवायचा ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. त्याआधी कोडची मांडणी तपासणारा चेकपॅच चालवायचाच, नाहीतर पहिली फेरी स्पेस आणि टॅबमध्येच जाते.

मी एका आय-टू-सी (चिपांना जोडणारी दोन तारांची पद्धत) तापमान सेन्सरचा ड्रायव्हर पाठवला होता. उत्तर आलं, की हा जुन्या एका सेन्सरचाच भाऊ आहे, रजिस्टरं तीच, त्याच ड्रायव्हरच्या यादीत नाव घाला. तीन आठवड्यांचं काम बारा ओळींवर आलं. आधी राग आला, मग लाज वाटली, कारण एचडब्ल्यूमॉनचं, म्हणजे अशा सेन्सर ड्रायव्हरांचं, फोल्डर मी नीट चाळलंच नव्हतं.

लिनक्सची खरी मदत मात्र ड्रायव्हर आत गेल्यावर सुरू होते. कर्नलच्या आतले इंटरफेस (ड्रायव्हर ज्यांतून कर्नलशी बोलतो ती फंक्शनं) तिथे बिनधास्त बदलतात, पण जो बदलतो त्यानेच आतल्या सगळ्या ड्रायव्हरांची डागडुजी करायची, असा शिरस्ता आहे. ड्रायव्हर बाहेर ठेवलात तर दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येणार आणि तुटलेलं तुम्हीच जोडत बसणार. हार्डवेअर कंपन्यांसाठी तर लिनक्स कर्नलचे डेव्हलपर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००७ मध्ये जाहीरच केलं होतं: माहिती द्या, ड्रायव्हर फुकट लिहून देतो, हवं तर एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही करतो. २००८ मध्ये अर्ध्याकच्च्या ड्रायव्हरांसाठी कर्नलमध्येच स्टेजिंग हा वेगळा विभाग आला. तिथे प्रत्येक ड्रायव्हरसोबत काय काय बाकी आहे याची टूडू फाइल असते. नवख्याने ती वाचावी. मेंटेनरला काय खटकतं ते आयतं कळतं.

फ्रीबीएसडीत माणसं कमी, पण कागद चोख. मॅन पानांचा (सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेचा) नववा विभाग अख्खा कर्नलसाठीच आहे. प्रोब (यंत्र ओळखणं), अटॅच (जोडून घेणं), डिटॅच (सोडणं) एवढं समजलं की सांगाडा उभा राहतो, आणि एकाच मुख्य आवृत्तीच्या पोटातल्या आवृत्त्यांमध्ये जुना मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडता येणारा तुकडा) चालत राहावा असा प्रयत्न असतो. कंपनीला सोर्स उघडा करायचा नसेल तर बीएसडी लायसन्स आड येत नाही. मात्र ग्राफिक्सच्या वाट्याला जाऊ नका. इंटेल-एएमडीचे ड्रायव्हर तिथे लिनक्सकेपीआय या थरावरून लिनक्सचेच आणलेले आहेत.

(डेटाशीट एनडीएखाली मिळालेली असेल तर ओपनबीएसडी या बीएसडी कुळातल्या दुसऱ्या सिस्टिमच्या वाटेला न गेलेलंच बरं. तिथे अशा कागदांबद्दलचा तिटकारा जगजाहीर आहे.)

बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा चालवायला २००१ मध्ये सुरू झालेला हायकू छोटा आहे. गर्दी नसल्याने नवखा चटकन नजरेत भरतो. शिकायला मला तो आवडतो. पण नेटवर्क कार्डासाठी तिथे नव्याने लिहिणं म्हणजे वेळ घालवणं, कारण हायकू एका जुळवणी थरातून फ्रीबीएसडीचेच नेटवर्क ड्रायव्हर वापरतो, काही वायफायचे ओपनबीएसडीचे. म्हणजे इथरनेटचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीत घातलात तर थोड्या खटपटीने हायकूतही पोचतो.

माझा कौल असा: सेन्सर, एम्बेडेड बोर्ड, विकायला काढलेली वस्तू असेल तर लिनक्स, रिव्ह्यू कितीही टोचला तरी. नेटवर्क कार्ड असेल आणि शांतपणे वाचून शिकायचं असेल तर फ्रीबीएसडी. आणि यूएसबी-सिरियलचं एखादं अनोळखी यंत्र असेल, तर लिनक्सवर ओळखीच्या ड्रायव्हरच्या न्यू_आयडी फाइलीत व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे (यंत्र कोणाचं आणि कोणतं ते सांगणारे यूएसबी क्रमांक) टाकून बघा. पोर्ट उघडलं तर लिहायला एक ओळच उरते, तेच आकडे ड्रायव्हरच्या यादीत घालायची.