उपवासकाळातलं कलेक्शन: पैशांचा डबा की शिधा?

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की नाशिकच्या कॅथलिक शाळांत स्टुडंट कौन्सिलपुढे हा प्रश्न येतोच: गरजूंसाठी वर्गावर्गात पैशांचे डबे ठेवायचे की शिधा गोळा करायचा? दोन्ही चालतं. फरक पडतो तो मागची निस्तरानिस्तर कोणाच्या गळ्यात पडते यात.

डब्याचं एक मान्य करायला हवं. उपवासकाळाचा मूळ हेतू त्यात नेमका उतरतो. मूल मधल्या सुट्टीतला समोसा सोडतं आणि तेच १०-१५ रुपये डब्यात टाकतं. शिध्याची पिशवी बहुतेकदा आईच आणते, मूल फक्त ओझं वाहतं. शिवाय पैसे कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेच्या उपवासकाळातल्या मोहिमेला द्या की धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) कामाला, पाठवणं सोपं.

अडतं ते चिल्लर मोजताना. सायन्स लॅबमधल्या काट्यावर वजन करून आकडा काढायची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतं. ती जमत नाही. १ रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं, २०१९ च्या मालिकेतलं ३.०९ चं, आणि त्याआधीची मोठी नाणी ४.८५ ची. डब्यात सगळी सरमिसळ. म्हणजे हातानेच मोजायचं, आणि १००-१०० नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या करायच्या. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना हीच पद्धत सुचवली आहे, त्यामुळे कॅशियरची कुरकुर कमी होते. नोटांना स्टेपल मारू नका, फाटकी नोट चिकटपट्टी लावून गड्डीत लपवू नका.

इथवर चालून जातं. माझं मत फिरलं ते मॉनिटरच्या वहीमुळे. रोज कोणी किती टाकले हे सातवीतला मॉनिटर वहीत लिहितो. शुक्रवारी डबा उघडला की वही आणि रक्कम जुळत नाही, २० रुपये इकडेतिकडे असतातच. कोणी टाकून सांगितलेलं नसतं, कोणी सांगून टाकलेलं नसतं. पण वर्ग मॉनिटरकडे बघायला लागतो. वही बंद केली तर ‘मोजले कोणी?’ अशी चिठ्ठी घरून येते. सीलबंद डबा आणि दोन शिक्षकांसमोर मोजणी हा उपाय बरा, तरी कुजबुज पुरती थांबत नाही. तेरा वर्षांच्या पोरावर रोख रकमेची जबाबदारी टाकूच नये, असं निदान मला वाटतं.

शिध्यात अर्धा किलो कमी भरला तर कोणी कोणावर बोट ठेवत नाही. मात्र ‘घरून धान्य आणा’ एवढीच सूचना दिली तर घोटीकडचा इंद्रायणी, कोलम, बासमतीचे तुकडे, सगळं एका पोत्यात येतं. असा भात शिजवणारीलाच विचारा: कोलम दाणेदार होईस्तोवर इंद्रायणीचा चिखल झालेला असतो. म्हणून इयत्तेला एकच जिन्नस ठरवावा. पाचवीला मीठ-साखर, सहावीला साबण, सातवीला तूरडाळ, आठवीला कोलम, नववीला तेलाची एक लिटरची पिशवी. दहावीला बोर्डाच्या परीक्षेमुळे सोडून द्या. दुकानातली बंद पिशवीच घ्यायची, सुटं धान्य परत पाठवायचं. एका सुट्या पिशवीतले सोंडकिडे आठवड्यात सगळा ढीग पोखरतात.

साबण वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचा वास तांदळाला लागला की भाताला साबणाचा वास येतो. तेलाच्या पिशव्या क्रेटमध्ये उभ्या ठेवा, वर काही रचू नका. एक पिशवी फुटली की खालची साखर गेली.

पोचवायचं कुठे हे मात्र आधी ठरवा. पेठ-सुरगाण्याकडच्या वसतिगृहांचं नाव सगळ्यांना सुचतं, पण ईस्टरनंतर थोड्याच दिवसांत तिथली मुलं उन्हाळी सुट्टीला घरी जातात. उरलेला शिधा जूनपर्यंत पडून राहतो आणि पहिल्या पावसात दमट होतो. उपवासकाळातला शिधा वृद्धाश्रमाला द्यावा, वसतिगृहाचं कलेक्शन जुलैत करावं. आधी फोन करून काय हवंय ते विचारा. साखर बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त साठलेली असते.

ज्या शाळेत वर्गशिक्षिका स्वतः मोजणीला बसतात आणि बँक कोपऱ्यावर आहे, तिथे डबाही वाईट नाही. बाकी ठिकाणी मी शिध्याकडे झुकेन. टेम्पोचं भाडं तेवढं आधी पालक-शिक्षक संघाकडून मंजूर करून घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा डबाच फिरवावा लागतो.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची गर्दीही फेब्रुवारीतच, तेव्हा इयत्तावार यादीची चिठ्ठी जानेवारीअखेर घरोघरी जायला हवी. शेवटची पिशवी १२ मार्चला घ्यायची, म्हणजे पवित्र आठवड्याआधी, ईस्टरच्या अलीकडच्या त्या धावपळीच्या आठवड्याआधी, टेम्पो निघतो.