पीएसटी फाईल शेअर ड्राइव्हवर, आपल्याच डिस्कवर, का मेल सर्व्हरवरच राहू द्यायचा?

लातूर एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसातनं महिन्यातून दोनदा तरी फोन यायचा, "आउटलुक उघडंना झालंय, बघायला या". पाच कॉम्प्युटर अन् पाचहीच्या पीएसटी फाईली, म्हणजे आउटलुक हा मेलचा प्रोग्राम ज्यात सगळा मेल साठवतो त्या, एकाच शेअर ड्राइव्हवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांच्या सामाईक डिस्कवर, कारण मालकांचं म्हणणं, सगळा मेल एका जागी असला की बॅकअपचं टेन्शन नाही. ऐकायला बरंय. पण पीएसटी काही वर्डची फाईल नव्हे की उघडली, सेव्ह केली, झालं. आउटलुक चालू असेस्तोवर तिच्यात बारीकसारीक लिहिणं चालूच असतं आणि मधेच नेटवर्क तुटलं की अर्धं लिहिलेलं तसंच लोंबकळतं, म्हणूनच रोजच्या वापरातली पीएसटी नेटवर्कवर ठेवू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

त्या ऑफिसात टेबलाखाली वाकून बघितलं तर कॉम्प्युटरला यूपीएस, पण नेटवर्कचा स्विच (सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) सरळ भिंतीतल्या बोर्डात! लाईट डोळा मिचकावल्यासारखी गेली-आली की कॉम्प्युटर चालूच आणि स्विच बंद, मग पाचही फाईली एकदम लटकणार.

शेअर ड्राइव्हवरच ठेवायची असेल तर स्कॅनपीएसटीशी, म्हणजे खराब पीएसटी दुरुस्त करणाऱ्या आउटलुकच्याच टूलशी, दोस्ती करावी लागते. आउटलुक बंद करा, फाईल आधी लोकल डिस्कवर कॉपी करा आणि त्या कॉपीवरच चालवा, एकदा चालवून भागत नाही, चुका दाखवायचं थांबेपर्यंत परत परत. "फाईल वापरात आहे" असं आलं तर बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर तीच उघडी असते, एका वेळी एकालाच उघडता येते. आणि साइज बघत जा, २०१० पासूनच्या आउटलुकमधे नवीन फाईलला ५० जीबीची मर्यादा असते, जुनी, आउटलुक २००२ किंवा त्याआधीची असेल तर २ जीबीलाच जीव सोडते.

लोकल डिस्कवर ठेवली तर नेटवर्कचा हा त्रास बंद, स्पीड पण येतो. डिस्क गेली तर मात्र मेल गेला, म्हणून रात्री शेअर ड्राइव्हवर कॉपी जायलाच पाहिजे आणि तेव्हा आउटलुक बंद पाहिजे. त्यासाठी रोबोकॉपी (विंडोजमधलीच फाईली कॉपी करायची कमांड) लावत असाल तर रिट्राय कमी करा, सांगितलं नाही तर ते उघड्या फाईलसाठी दर ३० सेकंदाला, तेही दहा लाख वेळा, ट्राय मारत बसतं.

एकच मेल आयडी तिघं-चौघं बघत असतील तर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत, दुसरा विचारच नको. खरा मेल सर्व्हरवर, तुमच्या कॉम्प्युटरवरची ओएसटी फाईल ही त्याची नुसती कॉपी, खराब झाली तर आउटलुक बंद करून तिचं नाव बदला, नवीन आपोआप उतरते. फक्त स्वस्तातल्या होस्टिंगचा मेलबॉक्स लवकर भरतो, ते आधी विचारून घ्या.

दुकानात एकटेच मेल बघत असाल तर मी लोकलच सांगीन. हलवताना आउटलुक बंद करून फाईल कॉपी करा, शेअर ड्राइव्हवरच्या जुन्या फाईलचं नाव बदला, आउटलुक उघडलं की फाईल सापडत नाही म्हणून विचारतं, तेव्हा नवी जागा दाखवा. नाव बदलायचं विसरलात तर ते गुपचूप जुन्याच फाईलीत लिहीत राहतं आणि तुम्हाला चार दिवसांनी कळतं.