स्टिकर ३०६० चं, आत भलतंच

परवा शिरपूरच्या एका डीजेवाल्या मित्राने मला जुन्या लॅपटॉपची जाहिरात पाठवली. ‘भो, घेऊ का? आपण पण व्हिज्युअल्स सुरू करतोय.’ फोटो उघडला आणि पोटात गोळा आला. तेच काचेचं टेबल, कोपऱ्यातला तोच तडा. त्या टेबलावर मी अशाच एका लॅपटॉपसाठी ५२ हजार रोख मोजून दिले होते. दहा हजार आधीच फोनवरून पाठवलेले. एकूण ६२ हजार.

मी अमळनेरचा. लग्नात, गणपतीत, नवरात्रात स्टेजमागे एलईडी वॉल असते ना, तिच्यावर गाण्याच्या ठेक्यावर चित्रं हलतात ती आपोआप हलत नाहीत. बाजूला टेबल टाकून कुणीतरी बसलेलं असतं. लोक त्यालाही डीजेच म्हणतात, असो. वॉल भाड्याची, तिचा प्रोसेसर भाड्याचा, जनरेटर मंडपवाल्याचा. आपला फक्त लॅपटॉप. व्हिडिओ एडिटिंग करताना मशीन अडकलं तर माणूस चहा पिऊन येतो. इथे अडकलं तर अख्खं लग्न बघतं.

माझं जुनं मशीन बिनग्राफिक्स कार्डाचं होतं. चित्रांचे दोन लेअर, म्हणजे थर, एकावर एक चढवले की धापा टाकायचं. नवं घ्यायचं तर घरचा कापूस अजून विकायचा होता, आणि अखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, लग्नाच्या तारखा लागलेल्या. अशा घाईत माणूस जाहिराती बघतो. प्रोसेसर आय सेव्हन अकरावी पिढी, १६ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. विकणारा सुरतेचा. आमची गाडी सरळ सुरतेला जाते, म्हटलं जाऊन डोळ्यांनी बघू.

डोळ्यांनीच बघितलं, तिथेच माती खाल्ली. त्याने मशीन चालू करूनच ठेवलेलं होतं. ‘सिस्टिम’ची पाटी उघडून दाखवली : आय सेव्हन. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे आतल्या भागांची यादी, उघडला : आरटीएक्स ३०६०. की-बोर्डाशेजारी चकचकीत स्टिकर. एक गेम दोन मिनिटं चालवून दाखवला. माणूस इतका गोड बोलणारा की चहाबरोबर खारी मागवली. बिल मागितलं तर म्हणाला, मशीन भावाचं आहे, तो परदेशात गेला. मीही मान डोलावली. चार्जर पिशवीत घालून दिला, तो मी बाहेर काढूनही बघितला नाही.

आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो, मग पळवून बघतो, तरी घरी येईपर्यंत त्याच्या मनात पाल चुकचुकत असते. मी खोगीर बघून घोडा घेतला.

पहिले दोन महिने काही कळलं नाही, कारण कामं लहान होती. एक लेअर, त्याही माझ्या स्वतःच्या, रेझोल्यूम या व्हिज्युअल्स चालवायच्या सॉफ्टवेअरच्या डीएक्सव्ही फॉरमॅटमध्ये करून ठेवलेल्या क्लिपा. हा फॉरमॅट ग्राफिक्स कार्डावर उलगडतो आणि त्यात प्रत्येक फ्रेम सुटी असते. म्हणून फाइल फुगून शेकडो एमबीची होते, पण चालते लोण्यासारखी. मोबाइलवरची एमपीफोर उलटी : फाइल छोटी, पण एक फ्रेम दुसरीवर टेकलेली, त्यामुळे सगळी मोळी सोडवायला मशीनला घाम फुटतो.

पारोळ्याच्या हळदीत ते सगळं एकदम अंगावर आलं. मे महिना, दिवसभर तापलेलं पत्र्याचं शेड, रात्री आठलाही टेबलावर हात ठेववत नव्हता. खाली बॅकग्राउंड, मध्ये कॅप्चर कार्डातून येणारा कॅमेरा, वर नावांची पट्टी. त्यात मुलीकडच्या पाहुण्याने पेनड्राइव्ह आणून दिला, ‘भाऊ, एवढे व्हिडिओ लावा.’ सगळे एमपीफोर. लावले. इथे थोडी चूक माझीपण, ते आधी बदलून घ्यायला हवे होते. नवरदेवाची एंट्री झाली, कॅमेरा त्याच्यावर गेला आणि चित्र झटके खाऊ लागलं. मग गोठलं. नवरदेव अर्ध्या पावलावर, एक डोळा मिटलेला. मग अख्खी वॉल काळी. क्षणभर शांतता, आणि मागून एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज, ‘नवरदेव कथा गया भो?’ म्हणजे, कुठे गेला?

लोक हसले. मुलीचे काका हसले नाहीत. बारा हजार ठरले होते, चार मिळाले.

घरी आलो आणि ड्रायव्हर खराब असेल म्हणून एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकला. रीस्टार्ट झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडला तर आरटीएक्स ३०६० गायब. तिथे लिहिलेलं, जीटीएक्स १६५०, बरंच खालचं कार्ड. मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. दोनदा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, दोनदा तेच नाव.

दुसऱ्या दिवशी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मशीन उघडायच्या आधी चार्जर हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. १५० वॉट. ‘३०६० ला हा पुरत नाही, दोनशेच्या आसपासचा लागतो. तुले गंडाडी दिधं भो.’

मग त्याने एकेक दाखवलं. डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या वहीत, हाताने बदलता येतं. ड्रायव्हर नव्याने टाकला की खरं नाव परत येतं, तेच झालं होतं. प्रोसेसरचं नावही तसंच, फक्त ते दर वेळी मशीन चालू होताना मूळपदावर जातं. म्हणून पठ्ठ्याने एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली होती, विंडोज सुरू झालं की गुपचूप नाव बदलणारी. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची खरी ओळख सांगणारं सॉफ्टवेअर लावल्यावर आतला आय फाइव्ह १०३००एच बाहेर आला. चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात. मला सांगितलेल्याला आठ असतात. आणि हे सगळं टास्क मॅनेजरमध्ये उघड्यावर होतं : कोअर ४, ग्राफिक्सची मेमरी ४ जीबी. लॅपटॉपच्या ३०६० ला ६ जीबी असते. एकाच अंगाचं मॉडेल दोन-तीन प्रकारांत निघतं, म्हणून स्टिकर बदलला की झालं. खालचं लेबल खरवडलेलं होतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगांत, सिरियल नंबर होता. तो कंपनीच्या साइटवर टाकल्यावर कारखान्यातून निघालेली कुंडली जशीच्या तशी समोर आली.

विप्रो ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाने सुरू झाली, त्या गावचा मी, आणि कॉम्प्युटर घेताना टास्क मॅनेजर उघडला नाही. मित्र अजून चिडवतात.

त्या सुरतवाल्याचा नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण तो नंबर पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत लावला तर उपयोगाचा, मी दोन महिन्यांनी लावत होतो. तेही दहा हजारांपुरतं. रोख दिलेल्याचा कागद नाही. पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. आपण तोंडाने चारशेवीस म्हणतो, पण जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालंय, एवढं ज्ञान पदरात पडलं.

पुढचं मशीन घेताना मी निर्लज्ज झालो. जळगावातच घेतलं, बिलासकट. जाताना माझ्या क्लिपा घेऊन गेलो, दुकानदाराच्या परवानगीने रेझोल्यूमचं डेमो टाकलं. ते फुकट आहे. मधेच त्यांचं चिन्ह उमटतं, आवाज येतो, तपासायला तेवढं पुरतं. चार्जर लावून, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण दमाने चालत नाही. एचडीएमआयला बाहेरचा मॉनिटर जोडून, तीन लेअर, पाऊण तास. पहिली दहा मिनिटं कुठलंही मशीन वाघ असतं, पंख्यांचा आवाज चढल्यावर फ्रेम किती पडतात ते बघायचं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कुठलं पोर्ट कुठल्या चिपला जोडलंय ते चित्रच असतं, तेही बघितलं. दुकानदार वैतागला, त्याने दोनदा विचारलं, ‘भाऊ, घेणार आहे ना?’

आणखी एक, नव्या पोरांसाठी. वॉल मोठी म्हणून फोर-केचं मशीन लागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सोळा बाय दहा फुटांची पी ३.९१ ची (दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर) वॉल म्हणजे अर्ध्या मीटरची साठ कॅबिनेटं, प्रत्येकात १२८ बाय १२८ ठिपके. आडवे दहा, उभे सहा. १२८० बाय ७६८ झाले, फुल एचडीसुद्धा नाही. मशीन दमतं ते लेअरने, इफेक्टने आणि पाहुण्यांच्या पेनड्राइव्हने.

ते सुरतेचं मशीन आता शालकाच्या कृषी केंद्रात बिलं काढतं. ३०६० चं स्टिकर मी काढू दिलं नाही.

शिरपूरच्या मित्राला म्हटलं, विकणाऱ्याला काही बोलू नको, फक्त चार्जरच्या मागच्या बाजूचा फोटो माग. त्याने मागितला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी बघितलं तर जाहिरात निघालेली होती.